सत्त्याऐंशी नंबरचा बिल्ला

हेमलॉक रनच्या खाणीत गोमर प्रॉसर कोळसा खणत नसे, तोलत असे. आणि तोही कंपनीच्या वतीनं नव्हे. कंपनीचा मापाडी वेगळा होता, हायरम स्टाउफर नावाचा. पण कंपनीच्या मापाड्याचा काटा कुणाकडं झुकतो हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. म्हणून युनियननं कायद्याचा आधार घेऊन कामगारांचा स्वतःचा मापाडी नेमला होता. त्याचा पगार दोनशे चौदा खाणकामगार आपापल्या कमाईतून देत. दर वर्षी हात वर करून निवड व्हायची, आणि सहा वर्षांत गोमरच्या विरुद्ध एकही हात वर झाला नव्हता.

कामाची रीत सोपी होती. खाली खणणाऱ्यानं आपला गाडा भरायचा, आपल्या नंबरचा पितळी बिल्ला गाड्याच्या आतल्या आकड्याला अडकवायचा आणि गाडा वर पाठवायचा. खाणीच्या तोंडाशी उंच लाकडी माच होता आणि त्यावर काट्याची खोली. गाडा काट्यावर चढला की स्टाउफर आणि गोमर खांद्याला खांदा लावून एकाच दांडीकडं बघत. गोमर वजन मोठ्यानं म्हणे, स्टाउफर लिहून घेई, आणि बिल्ला भिंतीवरच्या आपल्या खिळ्याला जाई. प्रत्येकाच्या वाट्याला एकाच नंबरचे डझनभर बिल्ले. सकाळी खाली उतरताना ज्यानं त्यानं आपली जुडी उचलायची.

गोमरचा शब्द दोन्ही बाजूंना चालत असे, आणि तो फुकटात चालत नव्हता. एकदा त्याच्या सख्ख्या मेव्हण्यानं गाड्याच्या तळाला दगड भरून वर कोळशाची साय पसरली होती. स्टाउफरच्या ध्यानातही आलं नव्हतं. गोमरनंच फावडं घालून दगड उघडा पाडला आणि म्हणाला, "हा गाडा बाद." मेव्हणा आठ महिने त्याच्याशी बोलला नाही. बायको, मारेद, तीन दिवस. गोमरचा नेम एकच होता: विचारलेलं लपवायचं नाही, आणि न विचारलेलं सांगत सुटायचं नाही.

खाण पूर्वी म्हाताऱ्या अ‍ॅशबॉची होती. तो काही देवमाणूस नव्हता. तोंडानं शिवराळ, हातानं चिकट. पण कुणाच्या घरी पाळणा हलला आणि कुणाचं हाड मोडलं हे त्याला ठाऊक असे. चार वर्षांपूर्वी पिट्सबर्गच्या एका कंपनीनं खाण विकत घेतली. अशा एकोणीस खाणी तिच्याकडं होत्या. मालक कुणी पाहिला नव्हता. मालक टपालानं यायचा. खरं बोलायचं तर त्या अवाढव्य कारभाराचं कौतुकच वाटावं. सकाळी सहाच्या ठोक्याला रिकामी मालगाडी रुळावर हजर, संध्याकाळी भरून रवाना, आणि त्या कोळशावर साठ मैलांवर पोलाद वितळून पूल उभे राहत होते. फक्त एवढ्या उंचीवरून त्या कारभाऱ्यांना माणसं दिसत नव्हती, नंबर दिसत.

एकोणीसशे तीनच्या डिसेंबरात छताचा एक थर ढासळला आणि ओंद्रेय हुदाकचा उजवा पाय मांडीत मोडला. त्याचा नंबर सत्त्याऐंशी. घरात बायको झुझाना आणि चार पोरं. घर कंपनीचं, आणि कंपनीचा नियम असा की सलग पंधरा दिवस ज्याचा बिल्ला वर आला नाही त्यानं घर सोडायचं. हाड जुळायला दोन महिने लागतात हे नियम लिहिणाऱ्याला कुणी सांगितलं नसावं.

अशा वेळी काय करायचं ते खाणीत ठरलेलं होतं. ज्याचा हात-पाय मोडला त्याच्या नावानं बाकीच्यांनी पाळीपाळीनं एकेक गाडा भरायचा आणि त्याला आपला नव्हे, त्याचा बिल्ला लावायचा. याला ते सावडीचा गाडा म्हणत. वेल्श असो, आयरिश असो, स्लोव्हाक असो, सावडीला कुणी नाही म्हणत नसे, कारण छत जात विचारून पडत नाही. युनियनचा अध्यक्ष बार्ट डगन, पन्नाशीचा गलेलठ्ठ आयरिश गडी, रोज सकाळी सत्त्याऐंशीची जुडी उचलून कुणा दोघांनी गाडा द्यायचा ते ठरवी. गोमर वर उभा राहून "सत्त्याऐंशी" म्हणे, वजन म्हणे, आणि पुढच्या गाड्याकडं वळे. कुणी विचारलं नव्हतं.

मग आली सहा जानेवारी. हुदाकच्या देवळाच्या हिशेबानं नाताळ सात तारखेला. वेल्श आणि आयरिश मंडळींचा नाताळ पंधरवड्यापूर्वीच उरकलेला, त्यामुळे त्यांच्यातल्या दहा-बारा जणांना एकदम उमाळा आला, की हुदाकच्या पोरांच्या सणाला आपल्याकडून काहीतरी जावं. हे प्रत्येकाला आपापलंच सुचलं, आणि दिलेलं दान बोलून दाखवू नये म्हणून कुणी कुणाला बोलला नाही. प्रत्येकानं डगनकडून गुपचूप एक बिल्ला मागून घेतला. डगनही असा, की "बरं बरं" म्हणत वाटत सुटला. खणणारा धडधाकट गडी दिवसाला चार-पाच गाडे भरतो. त्या दिवशी ओंद्रेय हुदाकनं अंथरुणात पडल्या पडल्या अकरा भरले.

"डगनला मोजता येतं का रे?" अकरावा गाडा चढला तेव्हा स्टाउफर दात-ओठ खात म्हणाला.

"येतं," गोमर म्हणाला. "पण दारूचं पिंप भरलेलं असेल तेव्हाच."

दहा दिवसांनी पिट्सबर्गहून पत्र आलं. मॅनेजर लॉक्रिज ते हातात घेऊन स्वतः माचाच्या पायऱ्या चढला. हा मूळचा पिट्सबर्गच्याच कचेरीतला कारकून. वाईट माणूस नव्हता, पण वरून आलेल्या कागदापुढं त्याचं काही चालत नसे. आज तो चक्क हसत होता.

"सत्त्याऐंशी कोण? वरचे साहेब फार खूश आहेत. एका दिवसात अकरा गाडे! विचारतायत, हा माणूस अकरा भरतो तर उरलेले पाचावर का अडतात? मला त्याच्याशी हात मिळवायचाय. आहे कुठं तो?"

स्टाउफरला खोकला आला. तो बराच वेळ आला.

"हुदाक, साहेब," तो शेवटी म्हणाला. "मी आपला काट्याकडं बघतो. खाली कोण कुठं असतं ते मला नाही ठाऊक."

लॉक्रिजचं हसू हळूहळू मावळलं. "हुदाक? तो पाय मोडलेला?" तो गोमरकडं वळला. "प्रॉसर, तुझं वजन पिट्सबर्गसुद्धा पडताळत नाही. तू सांग. हे गाडे हुदाकनं भरले का?"

गोमरला "भरले" म्हणायचं होतं. एकच शब्द. त्याला झुझानाची धाकटी दिसली, बर्फात बापाचे बूट घालून फिरणारी. गप्प राहावं असंही त्याच्या मनात येऊन गेलं, पण ते गप्प राहणंही खोटंच झालं असतं. सहा वर्षं कुणी आकडा विचारला की त्याच्या तोंडून खरा आकडा बाहेर पडत आला होता. जिभेला दुसरं वळणच नव्हतं.

"नाही," तो म्हणाला. "हुदाक अंथरुणाला खिळलाय. त्याच्यासाठी बाकीच्यांनी भरले. पण कोळसा खरा आहे साहेब, वजन खरं आहे. कंपनीचा चिमूटभर कोळसा कुठं गेलेला नाही."

"ते मला कळतंय रे," लॉक्रिज म्हणाला, आणि बिचाऱ्याला खरंच कळत होतं. "पण नियम आहे. आणि आता वर काय लिहू मी? की ज्याचं कौतुक केलंत तो महिनाभर झोपून आहे?" त्यानं भिंतीवरच्या खिळ्यावरून सत्त्याऐंशीची जुडी काढली आणि ओव्हरकोटाच्या खिशात टाकली. "घर उद्या संध्याकाळपर्यंत रिकामं झालं पाहिजे. मला वाईट वाटतं."

तो पायऱ्या उतरून गेल्यावर स्टाउफरनं टाक खाली ठेवला. मग म्हणाला, "खोटं बोलायला काय जात होतं तुझं? मी बोललोच असतो."

"तू बोलला नाहीस. खोकलास."

मारेदला ही बातमी गोमर घरी पोचायच्या आधी पोचली होती. ती चुलीशी पाठमोरी उभी होती आणि वळली नाही.

"खरं बोलून आलास म्हणे. शाबास. आता जा, आणि झुझानाच्या पोरांना ते खरं पांघरायला दे. बाहेर शून्याखाली गेलंय."

"त्यानं मला सरळ विचारलं, मारेद."

"मग वाकडं सांगायचं! सगळं जग सांगतं." आता ती वळली, आणि तिचे डोळे भरलेले होते. "तुझ्या माझ्या लग्नाला एकोणीस वर्षं झाली, गोमर. मला एकदा तरी म्हणालास का, की टोपी छान दिसते?"

"ती छान दिसत नाही," गोमर म्हणाला, आणि कोट तसाच अंगावर ठेवून बाहेर पडला.

तो आधी हुदाककडं गेला. बातमी दुसऱ्याच्या तोंडून त्यांना कळावी हे त्याला बरं वाटेना. झुझानानं दार उघडलं, त्याचं सगळं ऐकून घेतलं, आणि भिंतीवरची देवाची तसबीर उतरवून चादरीत गुंडाळायला लागली. तिचं ते न रडणं गोमरला फार लागलं. ओंद्रेय फळ्यांत बांधलेला पाय घेऊन खाटेवर होता.

"अकरा?" तो म्हणाला. "एका दिवसात अकरा? कुठल्या गाढवांनी पाठवले?"

"अकरा गाढवांनी."

ओंद्रेय हसायला लागला आणि पाय हलला म्हणून कळवळला. मग गंभीर झाला. "मला तुझा राग आलाय, गोमरभाऊ. खोटं कशाला सांगू. चार पोरं आहेत माझी."

"यायलाच पाहिजे," गोमर म्हणाला. "तुम्ही सगळे आमच्याकडं या. दोन खोल्या आहेत."

"तुमच्या पाच जणांत आम्ही सहा?" झुझाना चादरीची गाठ मारत म्हणाली. "गोमरभाऊ, तुम्ही मोजण्यात पक्के ना?"

तिथून तो दारूच्या गुत्त्यावरच्या माडीवर गेला. युनियनची सभा भरली होती. दारात डगननं त्याला अडवलं. डगनच्या चेहऱ्यावर नेहमीची थट्टा नव्हती.

"राजीनामा घेऊन आलोय," गोमर म्हणाला. "दुसरा मापाडी बघा."

"तुझ्याबद्दलच बोलायचंय. आणि ज्याच्याबद्दल बोलायचं तो समोर बसला की लोक एक तर गोड बोलतात नाहीतर मारामारी करतात. घरी जा."

"बार्ट, ऐक तरी..."

"घरी जा, लेका. सकाळी काट्यावर ये. तिथवर अजून तूच आमचा मापाडी आहेस."

दार बंद झालं. आतून गोंगाट ऐकू येत होता, त्यात आपलं नाव दोनदा आलेलं गोमरनं ऐकलं. सहा वर्षांचा विश्वास एका शब्दासरशी गेला, असं त्याच्या मनानं घेतलं. त्याला वाईट वाटलं, पण अन्याय झाला असं वाटलं नाही. ज्यांचं मीठ खातो त्यांच्याच पोरांना उघड्यावर काढून आलो, आता ते दुसरं काय करणार, असा त्याचा साधा हिशेब होता.

सकाळी तो नेहमीच्या वेळेला माचावर चढला. खालून माणसं रांगेनं खाणीत उतरत होती. कुणी त्याच्याकडं मान वर करून बघितलं नाही. हुदाक सोडला तर आज एकही जण गैरहजर नाही, एवढं मात्र त्याच्या लक्षात आलं. आजारी पडलेला एक म्हातारा इटालियनसुद्धा मफलर गुंडाळून खोकत खोकत उतरला. रुळावर बावीस रिकामे डबे उभे होते, इंजिन वाफ सोडत होतं. स्टाउफरनं टाक पुसला, दौत उघडली, आणि दोघं वाट बघत उभे राहिले.

सात वाजले. एरवी एव्हाना दहा गाडे चढलेले असत. गाडे वर ओढणारा दोर हलेना. साडेसात झाले. आगगाडीचा ड्रायव्हर खाली उतरून शिव्या देऊ लागला. आठाच्या सुमाराला लॉक्रिज कचेरीतून लगबगीनं निघाला, आणि तो माचावर पोचतो तोच दोर ताणला गेला आणि चाक फिरू लागलं.

"चला, आला एकदाचा," स्टाउफर म्हणाला.

गाडा अंधारातून उजेडात आला. त्यात कोळसा नव्हता. तळापासून काठापर्यंत झाडून पुसून लख्ख केलेला रिकामा गाडा, आणि त्याच्या चारी काठांना तारा बांधून त्यांवर एकाला एक लागून पितळी बिल्ले. थंड उन्हात ते चमकत होते आणि गाडा हलला की किणकिणत होते. गाडा काट्यावर येऊन थांबला तरी ती किणकिण बराच वेळ चालू राहिली.

"हे काय आहे?" लॉक्रिजनं विचारलं.

 गोमर गाड्याजवळ गेला. बिल्ल्यांमध्ये एक मळका कागद खोचलेला होता, त्यावर डगनचं गिचमिड अक्षर. त्यानं तो मोठ्यानं वाचला, कारण विचारलेलं लपवायचं नाही.

"साहेब, एक बिल्ला चालत नसेल तर हेही ठेवून घ्या. आमचा मापाडी आमच्या विरुद्ध जातानासुद्धा खरं बोलतो. असा माणूस दुसऱ्या खाणीत नाही, आणि त्याला आम्ही बदलणार नाही. त्यानं खरं बोलायचं आणि त्याची किंमत एकट्या हुदाकनं मोजायची हे आम्हाला पटत नाही. आम्ही खाली बसलो आहोत. आमच्याकडं दुपारचं जेवण आहे."

गोमरनं कागदाची घडी घातली. रात्रभर तो समजत होता की माडीवर त्याला काढायचं चाललंय. त्यांनी त्याच्या खरेपणाला नावं ठेवली नव्हती. तो खरेपणा परवडावा म्हणून सगळ्यांनी मिळून भार उचलला होता. सहा वर्षं ज्यांचा कोळसा तोलला ती माणसं केवढी आहेत हे आपल्याला आज कळतंय, याची त्याला लाज वाटली आणि छाती भरून आली.

लॉक्रिज कचेरीत जाऊन फोन करून आला. फोनवर त्याला काय ऐकावं लागलं ते त्याच्या कानांच्या रंगावरून दिसत होतं. पिट्सबर्गला हुदाकशी देणंघेणं नव्हतं, बिल्ल्याशी नव्हतं. संध्याकाळी बावीस डबे भट्टीला पोचले पाहिजेत एवढंच त्यांना ठाऊक होतं. तू तिथं कशाला आहेस, असंही विचारलं असावं.

"प्रॉसर," तो दमून म्हणाला, "कितीजण आहेत यात? सगळे नसतील. काही शहाणे असतीलच."

"मोजून सांगतो, साहेब."

आणि गोमर मोजू लागला. अंदाजानं नव्हे, एकेका बिल्ल्याला बोट लावून, नंबर मोठ्यानं म्हणत. एक. दोन. तीन. सहा नंबर त्याच्या मेव्हण्याचा होता, तिथं तो क्षणभर थांबला. इंजिनानं शिटी दिली तरी त्यानं घाई केली नाही. लॉक्रिज बर्फात पाय आपटत उभा होता आणि त्याला प्रत्येक नंबर ऐकावा लागत होता. स्टाउफरनं टोपी काढून हातात घेतली होती, का ते त्याचं त्यालाही सांगता आलं नसतं. शहाऐंशी. अठ्ठ्याऐंशी. दोनशे चौदा.

"दोनशे तेरा बिल्ले," गोमर म्हणाला. "एक कमी आहे, साहेब. सत्त्याऐंशी तुमच्या खिशात आहे."

लॉक्रिजनं खिशात हात घातला. बराच वेळ तो हात खिशातच राहिला. मग त्यानं जुडी काढली, त्यातला एक बिल्ला सोडवला, आणि थंडीनं बधिर झालेल्या बोटांनी तो शहाऐंशी आणि अठ्ठ्याऐंशीच्या मध्ये तारेत ओवला. उरलेली जुडी त्यानं गाड्यात टाकली.

"पाय बरा होईपर्यंत घर त्याच्याकडं राहू दे," तो म्हणाला. "आणि प्रॉसर, वर कुणी विचारलं तर?"

"तर मी खरं सांगीन, साहेब. तुम्हीही सांगा. खालच्यांनी सांगितलंच आहे."

लॉक्रिज मान हलवून म्हणाला, "गाडा खाली सोड."

तासाभरानं पहिला भरलेला गाडा वर आला. लॉक्रिज अजून खोलीत शेगडीपाशी हात शेकत उभा होता. गोमरनं आकड्याला अडकवलेला बिल्ला काढला आणि वाचला.

"सत्त्याऐंशी," तो मॅनेजरच्या समोर, माचभर ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला. "सावडीचा गाडा."

स्टाउफर दांडीकडं वाकला. अकरा वर्षं तो कंपनीच्या बाजूनं वाकत आला होता. आज त्याचा कल निराळाच होता. "सत्तावीसशे पंचेचाळीस पौंड," तो म्हणाला आणि टाक दौतीत बुडवला.

गोमरनं त्याला बाजूला सारून दांडी पुन्हा नीट पाहिली.

"चाळीस," तो म्हणाला. "चाळीसच लिही, हायरम."